‘एक रुपया स्टार्ट’ लिहिला, आता काय?

वाचक भगिनीचे पत्र:

काका, नमस्कार. मी इचलकरंजीची. सासऱ्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. ते जाऊन दोन वर्षे झाली. माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात त्यांची चाळीसेक नाणी निघाली. घरात कोणाला आवड नाही, म्हणून यजमान म्हणाले, विकून टाक. भाच्याने मला नाणी जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतले. तिथे दर शनिवारी रात्री आठ ते दहा लिलाव होतो. आपण फोटो टाकून खाली ‘स्टार्ट’, म्हणजे बोली कुठून सुरू होणार तो आकडा, लिहायचा, लोक शंभर-शंभरने बोली वाढवतात, दहा वाजता अ‍ॅडमिन नाव लिहून ‘सोल्ड’ करतात. पहिल्यांदा मी तीन नाणी टाकली, यूट्यूबवर बघून पाच-पाच हजार स्टार्ट लावला. एकही बोली आली नाही. पुढच्या वेळी दहा चांदीचे रुपये एकत्र टाकले आणि इतरांचे बघून ‘एक रुपया स्टार्ट’ लिहिले. त्या रात्री नेमकी अनंत चतुर्दशी होती, ग्रुपवर शुकशुकाट. ८,२०० वर लातूरच्या एका मुलाला लॉट गेला. त्याने वीस मिनिटांत पैसेही पाठवले. दुसऱ्या दिवशी आमचे सराफ म्हणाले, ग्रॅमला १२० धरले तर नुसती चांदीच साडेदहा हजारांची आहे. त्याच दुपारी ग्रुपमधल्या एकांनी मला एकटीला मेसेज केला, ‘मी साडेअकरा देतो, तो सौदा कॅन्सल करा.’ दीर म्हणतात, पैसे परत पाठव आणि सांग की एक नाणे हरवले. मला रात्रभर झोप नाही. नाणी द्यायलाच हवीत का? आणि पुढे किंमत कशी लावायची? डब्यात अजून तीस आहेत, त्यातल्या एकावर १९११ साल आहे.

ताई,

नाणी द्या. उद्याच पार्सल करा. बाकीचे पुढे सविस्तर लिहितो, पण आधी एवढे झाले की तुम्हाला झोप लागेल, म्हणून ते पहिल्या ओळीत लिहिले.

मी स्वतः शाळेत असल्यापासून नाणी जमवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात पंचम जॉर्जचा एक सुरेख रुपया मला स्वस्तात मिळाला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘माफ करा, मुलांच्या हातून नाणे कुठेतरी पडले.’ मी विश्वास ठेवला, वर त्यांचे सांत्वनही केले. तीन आठवड्यांनी तोच रुपया दुसऱ्या एका ग्रुपवर लिलावाला आला. तोच हे कळले कारण राजाच्या कानामागे एक तिरपा ओरखडा होता आणि पहिला फोटो माझ्याकडे होता. मी कोणाला काही बोललो नाही. पण त्या गृहस्थांकडून त्यानंतर एक पैशाचीही वस्तू घेतली नाही, आणि कोणी विचारले तर ‘जपून’ एवढे सांगत आलो. दिरांना हे सांगा. चलनात फिरलेल्या प्रत्येक नाण्याला स्वतःचा ओरखडा असतो, कडेला स्वतःचा ठेचका असतो. आमच्यासारखी माणसे फोटो साठवून ठेवतात. ‘हरवले’ म्हणून सांगितलेले नाणे पुन्हा विकायला काढता येत नाही.

हे झाले पकडले जाण्याचे. पण समजा कोणालाच कळले नाही, तरी माझे उत्तर तेच राहील.

तुमच्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची रीत घरातल्या मोठ्यांनी पाहिलेली असेल. भाव फक्त दोघांना ठाऊक. कागद नाही, सही नाही. पण एकदा हात बाहेर आला आणि विसार दिला-घेतला, की तो बैल दुसऱ्याला विकायचा नाही. मग मागून कोणी दुप्पट घेऊन आला तरी तेच. तुमच्या बाबतीत तर त्या मुलाने विसार नाही, सगळी रक्कम दिली आहे, आणि भाव शंभरेक माणसांच्या देखत ठरला आहे. ‘बोली’ हा आपला शब्द बघा. बोली म्हणजे भाषा, बोली म्हणजे लिलावात पुकारलेला आकडा, आणि ‘अशी बोली झाली होती’ म्हणतो तेव्हा बोली म्हणजे करार. आपल्या माणसांनी या तिन्हींना एकच शब्द ठेवला.

कायदा विचारलात म्हणून सांगतो. १९३०च्या मालविक्रीच्या कायद्यात, सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टमध्ये, ६४वे कलम लिलावाचेच आहे. हातोडा पडला किंवा त्या जागी रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीने लिलाव संपल्याचे जाहीर झाले, की विक्री पूर्ण झाली. त्याआधी बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो, नंतर नाही. तुमच्या ग्रुपवर हातोडा नाही, पण अ‍ॅडमिनने ‘सोल्ड’ लिहिणे हीच तिथली रूढ पद्धत आहे. तेव्हा ते रुपये शनिवारी रात्री दहा वाजता त्या मुलाचे झाले. सध्या ते तुमच्या घरी आहेत एवढेच.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती दिरांच्या कानावर घालाच. पुढच्या वेळी ‘माझ्या नंबरवरून दोन बोल्या टाकतो, भाव चढेल’ असे त्यांना सुचण्याचा संभव आहे. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा आपला माणूस बसवून बोली लावणे बेकायदा आहे, आणि घेणारा अशा विक्रीला फसवणूक ठरवू शकतो. भाव चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या असतील तर घेणाऱ्याला विक्री रद्द करता येते. म्हणजे पैसेही परत आणि नावही गेले.

आता तो साडेअकरावाला. शनिवारी रात्री हा माणूस कुठे होता? मिरवणुकीत असेल, हरकत नाही, पण मग त्याची संधी गेली. उघड्यावर बोली लावायची नाही, निकाल लागल्यावर विकणाऱ्या बाईला एकटीला गाठायचे आणि झालेला सौदा मोडायला सांगायचे, ही रीत मला अजिबात आवडत नाही. जो माणूस दुसऱ्याचा सौदा तुमच्याकडून मोडवून घेतो, तो उद्या पार्सल उघडून ‘नाणी घासलेली आहेत, दोन हजार कमी देतो’ म्हणायला कमी करणार नाही. त्यांना एका ओळीत कळवा, ‘तो लॉट गेला, पुढच्या शनिवारी आणखी नाणी टाकणार आहे, तिथे बोली लावा.’

तुमचे नुकसान किती झाले तेही एकदा कागदावर मांडू, कारण मनात ते फुगते. तुमच्या दहात सहा रुपये पंचम जॉर्जचे, १९१२ ते १९२० मधले, आणि चार सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे, असे तुमच्या फोटोत दिसते. जुना कलदार, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. सहा आणि चारचा हिशेब केला तर साडेसत्त्याऐंशी ग्रॅमच्या जवळ येतो, १२० च्या भावाने साडेदहा हजार. सराफ बरोबर बोलले. पण हा नव्या कोऱ्या नाण्याचा हिशेब. हातोहात फिरलेला रुपया झिजलेला असतो, काट्यावर ठेवलात तर साडेअकरा ग्रॅमच्याही खाली भरेल. शिवाय सराफ मोड घेताना घट धरतात. तुमच्या हातात रोख पडले असते ते माझ्या अंदाजाने साडेनऊच्या आसपास. म्हणजे तेराशे रुपयांचा फटका. तो आहेच, मी नाकारत नाही. इचलकरंजीत तेराशे रुपये कमवायला किती खपावे लागते ते तुम्ही मला सांगायला नको. पण ज्यासाठी रात्रभर झोपला नाहीत तो आकडा तेहतीसशे नाही, तेराशे आहे.

हा फटका कशामुळे बसला ते नीट समजून घेऊ, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

लिलावात वस्तू सगळ्यांत जास्त देणाऱ्याला जाते हे खरे. पण भाव तो ठरवत नाही. भाव ठरवतो दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. लातूरचा मुलगा कदाचित अकरा हजारांपर्यंतही गेला असता. त्याच्या समोरचा ८,१०० ला थांबला, म्हणून त्याला ८,२०० मध्ये मिळाले. वरचा माणूस कुठवर जाणार होता हे उघड्या लिलावात कधीच कळत नाही, दुसरा कुठे थांबला एवढेच दिसते. विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली यावर निबंध लिहिला, पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण बाजार समितीत कांदा घेऊन उभा राहिलेला शेतकरी हे न वाचताही जाणतो. दोन व्यापारी हजर असले आणि दहा असले, की त्याच कांद्याचा भाव वेगळा.

म्हणून ‘एक रुपया स्टार्ट’ लावायचा तर एकच अट पाळायची. त्या वस्तूची किंमत कळणारी किमान तीन-चार माणसे त्या वेळी जागी आणि ग्रुपवर हवीत. ती असली तर एक रुपयासारखा स्टार्ट नाही. गर्दी जमते, चुरस लागते, वस्तू आपल्या भावाला पोचते. ती नसली तर तुमचा स्टार्ट हाच तुमचा भाव. जो दुसरा माणूस आलाच नाही, त्याचे काम स्टार्टला करावे लागते. गणपती विसर्जनाच्या रात्री एक रुपयाला ते काम झेपणार नव्हते.

आणि पाच हजार स्टार्ट लावला तेव्हा याच्या उलट झाले. एकही बोली नाही म्हणजे नुसता नकार नव्हे. ज्या नाण्यावर बोली आली नाही ते लोकांच्या लक्षात राहते, पुढच्या वेळी टाकले की ‘हे परत आले’ म्हणतात. ती तीन नाणी आता दोन-तीन महिने बाहेर काढू नका. आणि ते व्हिडिओ बघणे सोडा. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे बहुतेक जण पुढे ‘नोंदणी’, ‘कमिशन’, ‘कर’ म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावसुद्धा वापरतात, इतके की २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की आम्ही अशा कोणत्याही व्यवहारात नाही आणि कोणाला असे कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. कोणी क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

मग स्टार्ट किती? प्रत्येक नाण्याला मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. आज रात्री एकच माणूस आला आणि याच आकड्यावर घेऊन गेला, तर उद्या सकाळी मी आनंदाने पार्सल बांधेन का? बांधेन, तर तो आकडा स्टार्ट म्हणून चालेल. मन कचरत असेल तर तो खरा स्टार्ट नाही. तो लिहून लोकांना बोलावणे म्हणजे मनात नसलेले आमंत्रण देणे. तुमच्या सगळ्या तगमगीचे मूळ मला इथे दिसते. तुम्ही एक रुपया लिहिलात, पण मनात कुठेतरी दहा हजार होते. ते दहा हजार लोकांना दिसत नव्हते.

साध्या चांदीच्या रुपयांना हा आकडा काढणे सोपे आहे. सराफ हातात किती देईल ते विचारा आणि तोच स्टार्ट लावा. त्याखाली जाण्याचे कारणच नाही, कारण सराफाचे दुकान रोज उघडे असते. फक्त १९४० च्या आतले आणि नंतरचे एका लॉटमध्ये मिसळू नका. मिसळले की घेणारा सगळ्यांना निम्म्या चांदीचे समजून हिशेब करतो. डब्यात १९४७ चा रुपया असेल, मागच्या बाजूला वाघ असलेला, तर तो निकेलचा आहे. लोहचुंबकाला चिकटेल. त्याला चांदीचा भाव लावू नका. आणि वेळ बघा. लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवायला कलदार रुपया आपल्याकडे अजूनही लागतो, त्यामुळे दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे या नाण्यांना गिऱ्हाईक असते. सणाच्या रात्री आणि क्रिकेटच्या मोठ्या सामन्याच्या वेळी मात्र काहीच टाकू नका.

१९११ चे नाणे वेगळे काढून ठेवा. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर जो पहिला रुपया निघाला त्यावर राजाच्या अंगरख्यावर एक हत्ती कोरला होता. तो इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना डुक्कर वाटले. तक्रारी झाल्या, नाणी परत घेऊन वितळवली, आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. आम्ही त्याला ‘पिग रुपी’ म्हणतो. दुर्मिळातला दुर्मिळ नाही, पण मागणी कायम असते. अशा नाण्याला चांदीच्या भावाने हिशेब चालत नाही. मुंबईचे टोडीवाला किंवा बेंगळुरूचे मरुधर आर्ट्स अशी जी नावाजलेली नाण्यांची लिलावगृहे आहेत, त्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल बघायला मिळतात. तुमच्या नाण्याइतकेच झिजलेले १९११ चे रुपये प्रत्यक्षात किती रुपयांना गेले ते शोधा. मागितलेली किंमत बघू नका, गेलेली बघा. चार-पाच निकाल मिळाले की त्यांतल्या सगळ्यांत खालच्या आकड्याच्या जरा अलीकडे स्टार्ट लावा. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचेच नाही असा आकडा, ठेवायची असेल तर कायदा अडवत नाही, पण ती आहे हे आधी लिहा. मला विचाराल तर ग्रुपवर राखीव-बिखीव नको, स्टार्टच खरा लावलेला बरा.

नाणे चिंचेने, राखेने, कशानेही घासू नका. काळपट आहे तसेच राहू दे. आम्हाला तो काळा थर हवा असतो, चकाकलेल्या नाण्याचा भाव निम्म्यावर येतो. फोटो दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, उन्हाच्या उजेडात. पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला अगदी खाली जे कमळ आहे त्याच्याखाली बारीक ठिपका असेल तर मुंबईची टांकसाळ, नसेल तर कलकत्त्याची, तेही लिहा. ओरखडा असेल तर तो स्वतः दाखवा. टपालखर्च कोणाकडे ते स्टार्टच्या खालीच लिहून टाका, नंतर त्यावरून फार वाद होतात. आणि अ‍ॅडमिनना सुचवून बघा की दहाला काटेकोर बंद करण्याऐवजी शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटे शांत गेली की बंद करावे. शेवटच्या सेकंदाला झडप घालणाऱ्यांचे त्याने फावत नाही, आणि विकणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात.

एक सावधगिरी. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. न्यू जर्सीतला एखादा मराठी माणूस कितीही आपुलकीने आणि कितीही मोठी बोली लावो, व्हिक्टोरिया राणीचा रुपया त्याला टपालाने पाठवू नका. घरातला डबा एकदा रिकामा करणे निराळे, पण गोडी लागून दुसऱ्यांकडून घेऊन विकायला लागलात तर त्या धंद्याला परवाना लागतो, आधी पुरातत्त्व खात्यात चौकशी करा.

कधी खरीच चूक झाली तर? ५,००० लिहायचे आणि ५०० लिहिले गेले, तर दिसल्या क्षणी, लिलाव चालू असतानाच, सगळ्यांसमोर लिहा. लोक समजून घेतात. बंद झाल्यावर लक्षात आले तर घेणाऱ्याला फोन करून जे झाले ते सांगा आणि त्याच्यावर सोडा. तो ‘राहू दे ताई’ म्हणाला तर त्याचे उपकार, ‘नाही, मला हवे’ म्हणाला तर द्या. तुमच्या बाबतीत मात्र असे झालेले नाही. एक रुपया तुम्ही जाणूनबुजून लिहिला होता.

आणि उलट झाले, म्हणजे घेणाऱ्यानेच पाठ फिरवली, तर भांडत बसू नका. दोन दिवस वाट बघा, अ‍ॅडमिनना कळवा, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याने लावलेल्याच शेवटच्या बोलीवर विचारा. ती पाळणे त्याच्यावर बंधनकारक नाही, तेव्हा नुसते विचारायचे, गळ घालायची नाही.

आता पार्सल. प्रत्येक रुपया वेगळ्या कागदात गुंडाळा, म्हणजे एकमेकांवर आपटणार नाहीत. दहाही मोजताना आणि डबी चिकटवताना फोनवर व्हिडिओ घ्या. त्या मुलाला लिहा, ‘उद्या पाठवते आहे, पावतीचा फोटो टाकते.’ आणि जमले तर डबीत एक चिठ्ठी घाला की हे रुपये माझ्या सासऱ्यांनी जमवले होते, आणि त्यांचे नाव लिहा. नाणी जमवणारी माणसे अशी चिठ्ठी नाण्याबरोबर जपून ठेवतात. उरलेल्या तिसांतले एक नाणे विकू नका, घरच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटासाठी ठेवा. कोणते ठेवायचे ते यजमानांना निवडू द्या.

तुमचा,
काका